उरेल ते उत्तर

दुपारी चार वाजून दहा मिनिटे ते चार वाजून अडतीस मिनिटे या अठ्ठावीस मिनिटांत रुग्णाचा रक्तदाब पाच वेळा मोजला गेला. वरचा आकडा अनुक्रमे ११२, १०४, ९८, ९४ आणि ८६ असा नोंदलेला आहे. पाचही नोंदी अचूक होत्या. यंत्र नंतर तपासले, त्यात दोष नव्हता. डॉक्टरांना बोलावण्याचा फोन खाटेपासून दहा पावलांवर होता आणि चालू होता. तो चार अडतीसला उचलला गेला. नोंदी करणारी परिचारिका तिच्या वर्षाच्या अंतिम परीक्षेत पहिली आली होती.

रुग्ण शाळेची बस चालवत असे. वय बावन्न. सकाळी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि दुपारी पोटात आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला. फोन झाल्यावर चार मिनिटांत डॉक्टर आले, वीस मिनिटांत त्याला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

चौकशी समितीत आम्ही तिघे होतो: रुग्णालयाचे अधीक्षक, या शस्त्रक्रियेशी संबंध नसलेले एक सर्जन, आणि मी. रुग्णालयाला जोडलेल्या परिचारिका विद्यालयात मी बावीस वर्षे शिकवते. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्या मुलीची नोंदणी रद्द होणार होती, म्हणजे यापुढे कुठल्याच रुग्णालयात तिला काम मिळणार नव्हते. तिला नोकरी लागून पाच महिने झाले होते. धाकटी बहीण माझ्याच वर्गात पहिल्या वर्षाला होती आणि तिची फी थोरलीच्या पगारातून जात होती.

मुलगी समोर बसली. वर्गात तिला सगळ्या ‘शंभरनंबरी’ म्हणत. आधी चिडवायला म्हणत, नंतर सवयीने.

“फोन दिसत होता ना?” सर्जननी विचारले.

“हो, सर.”

“नंबर माहीत होता?”

“भिंतीवरच लिहिलाय, सर.”

“मग अर्धा तास कसली वाट बघत होतात? मुहूर्ताची?”

“वाट नव्हते बघत, सर. आधी पट्टा सैल आहे का पाहिलं. मग दुसऱ्या हाताला बांधून पाहिला. सलाईन तपासलं. ड्रेसिंग कोरडं होतं. पाय उंच केले. दुखतंय का विचारलं, लघवी किती झाली ते पाहिलं. नाडी दर वेळी मोजली.”

“हे सगळं छान. पण हे करताना तोंड बंद ठेवायची अट होती का?”

“पूर्ण माहिती न घेता कळवणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं, असं...” इथे तिने माझ्याकडे पाहिले. फार तर एक सेकंद. “असं मला वाटलं,” तिने वाक्य पूर्ण केले.

ते तिला वाटलेले नव्हते. ते तिला शिकवलेले होते, शब्दही तेच होते, आणि त्या खोलीत हे आम्हा दोघींनाच ठाऊक होते. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, पाणी प्यायले आणि ग्लास जागेवर ठेवला. एवढेच केले. “आणखी कुणाला काही विचारायचंय?” असे अधीक्षक म्हणाले, तेव्हा मी मान हलवून नाही म्हटले.

विद्यालयात माझे नाव ‘खोडरबर बाई’. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिका कशा सोडवायच्या, यावर मी सात नियम तयार केले आहेत. त्यांचे सूत्र एकच: बरोबर उत्तर शोधू नका, चुकीची खोडत जा, उरेल ते उत्तर. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सर्व’ असे शब्द असलेला पर्याय संशयित समजा, कारण शरीर इतके ठामपणे कधी बोलत नाही. दोन पर्याय एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतील, तर उत्तर बहुधा त्या दोघांतच असते. पर्यायात तुम्ही वर्गात कधीच न ऐकलेला आजार दिसला तर घाबरू नका. तो परीक्षकानेही ऐकलेला नसतो.

चौथा नियम असा: ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की खोडा. तो सांगताना मी दर वर्षी म्हणत असे, “परीक्षा तुमची आहे, डॉक्टरांची नाही. त्यांची झालीय, कशीबशी.” वर्ग हसे. मग मी म्हणे, “पूर्ण माहिती न घेता कळवणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं. आधी निरीक्षण, मग कृती.”

हा नियम मी हवेतून काढलेला नव्हता. विद्यालयात येण्यापूर्वी मी विज्ञान शाखेची पदवी घेतली होती आणि पुराव्याशिवाय बोलण्याचा मला तिटकारा आहे. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन मी मोजणी केली होती. ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दोनशे चौदा प्रश्नांत होता; एकोणीस प्रश्नांत तो बरोबर होता. नऊ टक्क्यांहून कमी. कारणही उघड आहे. डॉक्टरांना बोलावणे कुणालाही सुचते; परीक्षकाला पाहायचे असते ते परिचारिकेला स्वतःला काय सुचते. नियम कागदावर खरा होता. आजही खरा आहे.

एका प्रकरणावरून निष्कर्ष काढू नये, हेही मी वर्गात सांगते. आता ते मी स्वतःला सांगू लागले. मुलगी नवीन होती, गोंधळली असेल. पहिल्या येणाऱ्या मुली कधी कधी प्रत्यक्ष कामात कच्च्या असतात. अशी स्पष्टीकरणे मला दोन दिवस पुरली.

तिसऱ्या दिवशी बसचालकाची बायको कागदपत्रे न्यायला आली. कार्यालयाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी मी बसले. समितीच्या सदस्याने असे बसावे की नाही, याचा नियम नाही. बहुधा बसू नये.

“त्या पोरीला काढणार म्हणे,” ती म्हणाली.

“अजून ठरलं नाही.”

“ताई, मी तिथंच होते. ती पोरगी एक मिनिट खाटेपासून हलली नाही बघा. पट्टा बांधायची, सोडायची, लिहायची. परत बांधायची. घामाघूम झाली होती. मला म्हणाली, काकू, घाबरू नका, मी बघतेय.” तिने पिशवीतला चष्म्याचा डबा उगाच उघडून मिटला. तो पुरुषी चष्मा होता. “काम टाळणारी माणसं मला कळतात हो. आमच्या ह्यांच्या डेपोत भरलेली होती. ही त्यातली नव्हती. तिला काही म्हणू नका.”

मी हो किंवा नाही काहीच बोलले नाही. तिने ते हो धरले असावे, कारण उठताना माझ्या हातावर हात ठेवून गेली.

मग मी करायला हवे होते ते केले. अधीक्षकांकडून दोन वर्षांचे नोंदतक्ते मागवले. अचानक बिघडलेले आणि डॉक्टरांना बोलवावे लागलेले रुग्ण अडतीस निघाले. प्रत्येकाच्या तक्त्यावर दोन वेळा शोधल्या: मर्यादेबाहेरची पहिली नोंद कधीची, आणि फोन कधीचा. मधले अंतर लिहिले. शेजारी परिचारिका कुठे शिकली ते लिहिले.

बाहेरच्या विद्यालयांत शिकलेल्या एकवीस जणी होत्या. त्यांचे सरासरी अंतर पाच मिनिटे. आमच्या सतरा, त्यांचे चौदा. बाहेरच्या एकवीसमध्ये सात अगदी नवख्या होत्या, त्यांनाही सहा मिनिटांहून जास्त लागली नव्हती. म्हणजे नवखेपणाने प्रश्न सुटत नव्हता. मग मी आमच्या सतरा जणींचे गुण काढून शेजारी मांडले. गुण जितके जास्त, तितका उशीर जास्त. आमच्यापैकी फक्त दोघींनी चार मिनिटांच्या आत फोन केला होता. त्या दोघी पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्या होत्या.

अडतीस हा आकडा लहान आहे, हे मला कळते. वाद घालायला जागा होती. घालावासा वाटला, हेही लिहून ठेवते.

माझे यजमान वजनमापे निरीक्षक होते. बत्तीस वर्षे दुकानांतले तराजू तपासून निवृत्त झाले. संध्याकाळी मी कागद घेऊन बसलेली पाहून ते म्हणाले, “आज तुमचा चहाही मीच घेतला. थंड झाला होता.”

“अहो, एक सांगा. तराजू चुकतोय की दुकानदार मापात हात मारतोय, हे कसं ओळखायचात?”

“हात मारणारा माणूस गिऱ्हाईक बघून मारतो. कधी जास्त, कधी कमी, बायको सोबत असेल तर मुळीच नाही. तराजू बिघडला असेल तर सगळ्यांना एकाच बाजूला चुकतो.” ते माझ्या आकड्यांवर वाकले. चष्मा नसल्याने त्यांना काही दिसले नसावे. “मग आम्ही दुकानदाराला सोडायचो आणि तराजू जप्त करायचो.”

“आणि तो ज्यानं बनवला, त्याला?”

“त्याचं नाव तराजूवर कोरलेलं असतं,” ते म्हणाले आणि दिवा लावायला उठले.

लवकर फोन करणाऱ्या दोघींपैकी एक आता पुरुष विभागाची प्रमुख सिस्टर आहे. जाड आवाजाची, अंगाने भारी, शिकताना जेमतेम पास झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या विभागात गेले. ती औषधांच्या ट्रॉलीपाशी एका वॉर्डबॉयची हजेरी घेत होती.

“या बाई, बसा. नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिला तीनच पाय शाबूत आहेत. चौथा आमच्या अधीक्षकांसारखा, दिसतो पण भार घेत नाही.”

मी विचारले, रुग्णाचा दाब उतरायला लागला की ती आधी काय करते.

“ओरडते,” ती म्हणाली. “हातात पट्टा असतानाच ओरडते. कुणीतरी फोन उचलतं. मग मी मोजत बसते निवांत. डॉक्टर येईपर्यंत सगळं मोजून होतं. काही नसलं तर शिव्या देतात. देऊ देत, त्यांच्या शिव्यांनी मला काही होत नाही.”

“हे कुणी शिकवलं?”

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी थट्टा करते आहे अशी तिची समजूत झाली असावी. “तुम्हीच की, बाई.”

“मी तर चौथा नियम...”

“हो, चौथा नियम. डॉक्टरांना कळवा, खोडा. आणि मग तुम्ही खडू खाली ठेवायचात, हात झटकायचात आणि म्हणायचात, हे कागदावर. वॉर्डात आधी हाक, मग माप. दर वेळी म्हणायचात. आम्ही तुमची नक्कल करायचो त्यावरून, हात झटकण्यासकट.” तिने हात झटकून दाखवले. माझ्यासारखेच झटकले. “का? आता नाही सांगत?”

वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत निघून गेला. तिने उत्तराची वाट पाहिली नाही, किंवा उत्तर तिला मिळाले असावे. “चहा सांगू का, बाई?” तिने बऱ्याच हळू आवाजात विचारले.

मी माझ्या शिकवण्याच्या वह्या टाकत नाही. घरी येऊन त्या काढल्या. पहिल्या अकरा वर्षांच्या वह्यांत चौथ्या नियमाखाली ते वाक्य आहे: ‘हे कागदावर. वॉर्डात आधी हाक, मग माप.’ बाराव्या वर्षाच्या वहीत ते लाल शाईने खोडले आहे. समासात माझ्याच अक्षरात लिहिले आहे: ‘हे वाक्य गोंधळ करते. वगळणे.’

तेव्हा आठवले. अकराव्या वर्षी एक मुलगी एका गुणाने नापास झाली होती. दोन प्रश्नांत तिने ‘डॉक्टरांना कळवा’ निवडले होते. उत्तरपत्रिका पाहायला ती वडिलांना घेऊन आली आणि त्यांच्यासमोर मला म्हणाली, “बाई, तुम्हीच म्हणालात ना, आधी हाक?” मी तिला समजावले की ते वॉर्डासाठी होते. वडील मध्येच म्हणाले, “अहो बाई, पोरीनं एका डोक्यात दोन नियम कसे ठेवायचे?” मला ते पटले. उरलेल्या मुलींचे नुकसान नको, असा विचार करून मी वाक्य काढले. पुढच्या वर्षी निकाल अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवरून पंचाण्णवांवर गेला. प्राचार्यांनी भर सभेत माझे कौतुक केले आणि मी ते घेतले.

वगळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि ती लक्षात येण्याएवढे शिक्षण मला होते. प्रश्नपत्रिकेतल्या रुग्णाचा रक्तदाब आपण विचार करत असताना खाली येत नाही. तो छापलेला असतो. आपण पर्याय खोडत बसलो, तरी तो तेवढाच राहतो.

अंतिम बैठक दुपारी तीनला होती. सकाळी पहिल्या वर्षाचा तास होता आणि वेळापत्रकानुसार त्या दिवशी नेमका चौथा नियम यायचा होता. मी तो पुढे ढकलू शकले असते. फळ्यावर लिहिला. डॉक्टरांवरचा विनोद केला नाही. शेवटी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “हे कागदावर. वॉर्डात आधी हाक, मग माप. लिहून घ्या.”

साठ माना खाली गेल्या. तिसऱ्या बाकावरची एक मान वर राहिली. ती शंभरनंबरीची धाकटी बहीण होती. तिच्यासमोर दोन वह्या होत्या, एक स्वतःची आणि एक जुनी, तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेली.

“बाई, हे नवीन आहे का?”

“का?”

“ताईच्या वहीत नाहीये.” तिने जुनी वही माझ्याकडे फिरवली, पुरावा दाखवावा तशी नव्हे, चूक दुरुस्त करून घ्यावी तशी. “ताई सगळं लिहिते. एक शब्द सोडत नाही. हे तिचं राहून गेलं असेल का?”

ती वही मी पाहिली. चौथा नियम सुंदर अक्षरात लिहिला होता, खाली पट्टीने रेघ. माझा विनोदसुद्धा कंसात होता. रेघेखाली पाचवा नियम सुरू होत होता. मध्ये जागा नव्हती.

“तिचं राहिलं नाही,” मी म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.”

मागच्या बाकावरून एका धीट आवाजाने विचारले, “पण मग पेपरात काय करायचं, बाई? हाक मारायची की खोडायचं?”

“पेपरात खोडा. आणि खोडताना गोंधळ झाला, तर हाक मारा आणि एक मार्क जाऊ द्या.”

“आणि एका मार्कानं नापास झालो तर?”

“तर पुन्हा बसा,” मी म्हणाले. “मी शिकवीन.”

धाकटीने स्वतःच्या वहीत ते वाक्य लिहिले. मग जुनी वही सरळ केली आणि तिथेही, दोन नियमांच्या मधल्या रेघेवर, बारीक अक्षरात लिहू लागली. मी तिला थांबवले नाही.

तीन वाजता अधीक्षकांनी अहवालाचा छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. तक्त्यांचे काम मी केले होते, म्हणून कारणाचा रकाना मी भरायचा आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या असे ठरले होते. आकडे मी त्या दोघांपुढे आधीच मांडले होते. लाल शाईने खोडलेली माझी वहीही दाखवली होती.

“वीस मिनिटं आधी कळलं असतं तर तो वाचला असता का?” अधीक्षकांनी सर्जनना विचारले.

“वाचला असता असं मी शपथेवर सांगणार नाही,” सर्जन म्हणाले. “वाचला नसता असंही नाही.” मग माझ्याकडे वळून, बऱ्याच मऊपणाने म्हणाले, “मॅडम, तुम्ही क्लासमध्ये काय म्हणता ते कुणी विचारलेलं नाही. मुलगी तुमचं नाव घेत नाहीये. तुमच्या निवृत्तीला किती, आठ महिने?”

“सात.”

“मग ‘अपुरे ज्ञान’वर खूण करा की. सौम्य आहे. तिला सहा महिन्यांचं पुन्हा प्रशिक्षण देऊ, विषय मिटला.”

“तिला प्रशिक्षण कोण देणार?” मी विचारले. “पुन्हा मीच.”

अधीक्षकांनी पेनचे टोपण काढून पेन माझ्याकडे दिले.

नमुन्यात लिहिले होते: ‘घटनेचे कारण. योग्य पर्यायावर खूण करा.’ खाली चार पर्याय होते. अ: निष्काळजीपणा. ब: अपुरे ज्ञान. क: अपुरे मनुष्यबळ. ड: उपकरणातील बिघाड.

निष्काळजी ती नव्हती. पाच नोंदी होत्या. मी अ खोडला. ज्ञान अपुरे नव्हते. ती पहिली आली होती. ब खोडला. त्या दुपारी विभागात तिघी हजर होत्या, यंत्र ठीक होते. क आणि ड खोडले. काही उरले नाही. समासात जागा होती, तिथे लिहिले:

‘परिचारिकेने तिला शिकवले तसेच केले. डॉक्टरांना कळवण्याचा पर्याय आधी बाजूला ठेवावा, हे तिला मी शिकवले. हे फक्त कागदावर, वॉर्डात आधी हाक मारावी, हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी शिकवण्यातून काढून टाकले. परीक्षेचा निकाल वाढावा म्हणून काढले. निकाल वाढला.’

खाली सही केली आणि वेळ लिहिली. तीन वाजून बावीस मिनिटे.